तीन कंपन्यांच्या फोर-स्ट्रोक स्नोमोबाईलपैकी आम्ही कोणती घ्यावी?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत आणि वर्षातले चार महिने बर्फाने झाकलेल्या भागात राहतो. चौदा वर्षे वापरलेली आमची टू-स्ट्रोक स्नोमोबाईल (बर्फावरून धावणारी, पुढे स्की आणि मागे फिरता रबरी पट्टा असलेली गाडी) आता थकली आहे. तिचा धूर आणि कर्कश आवाज पत्नीला सोसवत नाही, म्हणून या वेळी फोर-स्ट्रोकच घ्यायची असे ठरले आहे. दाबून सपाट केलेल्या वाटांवरून आम्ही दोघे दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरतो आणि हंगामात पाच-सहा वेळा मागे घसरगाडी जोडून जंगलातल्या खोपटापर्यंत जळाऊ लाकूड नेतो. आमच्यासमोर तीन पर्याय आहेत : स्की-डूची रोटॅक्स 900 एस इंजिनाची दोन आसनी गाडी, पोलॅरिसची प्रोस्टार एस-4 इंजिनाची गाडी आणि थोडी वापरलेली, पण किमतीत बरीच उतरलेली यामाहाची साइडवाइंडर टर्बो. मुलगा म्हणतो, घ्यायचीच तर टर्बो घ्या. या तिघींत सर्वांत चांगली कंपनी कोणती?

उत्तर : आपण वापराचे वर्णन इतके नेमके केले आहे की मला आडवळणाने उत्तर देण्याची गरज उरलेली नाही. आपण स्की-डूची, टर्बो नसलेली रोटॅक्स 900 इंजिनाची दोन आसनी गाडी घ्यावी. मात्र पोलॅरिसचे वर्कशॉप आपल्याला लक्षणीयरीत्या जवळ असेल, तर प्रोस्टार घ्यावी आणि तिच्याबद्दल मनात रुखरुख ठेवू नये. साइडवाइंडर सोडून द्यावी, असे मी म्हणतो आणि ते म्हणताना मला वाईटही वाटते, कारण बर्फावर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनांमध्ये यामाहाच्या कामाइतका आदर मला दुसऱ्या कोणाच्या कामाबद्दल वाटत नाही. हा निर्णय कसा झाला ते सविस्तर सांगतो, म्हणजे मुलाशी बोलताना आपल्या हाती कारणे असतील.

आधी या कंपन्यांच्या स्पर्धेविषयी थोडे सांगायला हवे, कारण बाहेरून दिसते तितकी ती सरळ नाही. स्की-डू ही कॅनडातल्या क्युबेक प्रांतातील व्हॅलकोर्टची. जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी ती 1959 मध्ये बाजारात आणली आणि तिची रोटॅक्स इंजिने आजही ऑस्ट्रियात बनतात. पोलॅरिस ही अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रोझो गावातली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले एडगर हेटीन पुढे तिथून बाहेर पडले आणि त्याच राज्यात थीफ रिव्हर फॉल्स इथे त्यांनी जी कंपनी काढली, तिचीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. म्हणजे दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांचे मूळ एकाच माणसाच्या हातात आहे. आपण पाहिलेली साइडवाइंडरही थीफ रिव्हर फॉल्सच्याच कारखान्यात तयार झाली आहे. 2014 च्या मॉडेलपासून यामाहा आणि आर्क्टिक कॅट यांनी हातमिळवणी केली : इंजिन यामाहाचे आणि सांगाडा, सस्पेन्शन व जुळणी आर्क्टिक कॅटची. साइडवाइंडरमधले 998 सीसीचे तीन सिलिंडरांचे टर्बो इंजिन आर्क्टिक कॅटच्या झेडआर 9000 मध्येही तेच आहे. म्हणून यामाहाचे नाव पाहून गाडी घेताना आपण प्रत्यक्षात दोन कंपन्यांवर विसंबतो आणि आजच्या घडीला त्या दोन्हींची स्थिती लक्षात घ्यावी लागते.

फोर-स्ट्रोक स्नोमोबाईल लोकांच्या गळी उतरवली ती यामाहानेच. 2003 च्या मॉडेल वर्षात तिने आरएक्स-1 आणली तेव्हा तिच्यात आर-1 या मोटरसायकलच्या घराण्यातले, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले चार सिलिंडरांचे इंजिन होते. त्याआधी फोर-स्ट्रोक म्हणजे जड, मंद, कामाला बरी, अशीच समजूत होती. पुढे अपेक्स, व्हेक्टर, व्हेंचर, नायट्रो अशा गाड्या आल्या आणि 2011 च्या अपेक्सवर यामाहाने स्नोमोबाईलला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवले. यांतल्या कित्येक गाड्या तीस-चाळीस हजार किलोमीटर चालूनही इंजिनाला हात न लागता फिरत असतात. एवढी परंपरा असलेल्या कंपनीने 2023 च्या जूनमध्ये स्नोमोबाईलचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि उत्तर अमेरिकेसाठी 2025 हे तिचे शेवटचे मॉडेल वर्ष ठरले. दुसरीकडे, 2017 पासून टेक्स्ट्रॉन या अमेरिकी कंपनीच्या मालकीच्या असलेल्या आर्क्टिक कॅटचे उत्पादन काही काळ थांबवण्यात आले आणि 2025 मध्ये ती नव्या मालकांकडे गेली. सुटे भाग आणि सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन यामाहाने दिलेले आहे आणि ते पाळले जाईल असे मी मानतो. तरीही फिल्टर, ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवणारा पट्टा), बेअरिंग मिळणे वेगळे आणि दहा वर्षांनी स्टिअरिंगचा एखादा विशिष्ट भाग किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा डबा मिळणे वेगळे. आपण मागची गाडी चौदा वर्षे वापरलीत. पुढचीही तितकीच वापराल असे धरून मी हा विचार करतो आहे. जो माणूस दर तीन वर्षांनी गाडी बदलतो, त्याला मी कदाचित वेगळे सांगितले असते.

आता टर्बोचा मुद्दा. साइडवाइंडरच्या शक्तीचा आकडा यामाहा छापत नाही, पण ते इंजिन 200 अश्वशक्तीच्या आसपासचे आहे असे जाणकार मानतात. स्की-डूच्या 900 टर्बो इंजिनाने 150 अश्वशक्तीपासून सुरुवात केली आणि त्याच्या टर्बो-आर या रूपात ती 180 पर्यंत गेली. टर्बो नसलेले रोटॅक्स 900 आणि पोलॅरिसचे प्रोस्टार ही दोन्ही 90 अश्वशक्तीच्या गटातली. कागदावर पाहिले तर मुलाचे म्हणणे बरोबर वाटते. पण दोन माणसे बसलेली असताना, वळणावळणांच्या वाटेवर, ताशी 50 ते 70 किलोमीटरच्या वेगात, 90 अश्वशक्तीतलीही बरीचशी शक्ती वापराविना राहते. टर्बोची खरी गरज पडते ती उंचावर. हवा विरळ होत जाते तशी साध्या इंजिनाची शक्ती दर 300 मीटरला साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे 3000 मीटरवर जवळजवळ तीस टक्के शक्ती गेलेली असते. टर्बो ती हवा दाबून आत घालतो आणि ही घट बरीचशी भरून काढतो. आपल्या पत्रात डोंगर चढण्याचा उल्लेख कुठेही नाही. शिवाय टर्बोबरोबर इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग), जास्तीच्या नळ्या, इंजिनाच्या कप्प्यातली वाढलेली उष्णता आणि चांगल्या प्रतीच्या पेट्रोलची गरज हे सगळे येते. साइडवाइंडरची बहुतेक मॉडेल्स एका स्वारासाठी बेतलेली आहेत, हेही मुलाला दाखवून द्यावे. मागच्या माणसासाठी पाठ टेकायची सोय, गरम होणाऱ्या मुठी आणि पाय रोवायला नीट जागा मुळातच असलेली गाडी आणि नंतर आसन जोडलेली गाडी यांत दुसऱ्या तासापासून फरक जाणवू लागतो, आणि तो जाणवतो मागे बसणाऱ्याला.

ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त भर देणार आहे ती म्हणजे वजन. सारख्या आकाराच्या टू-स्ट्रोक गाडीच्या तुलनेत फोर-स्ट्रोक साधारण 20 ते 40 किलोंनी जड असते आणि हे जादा वजन मुख्यतः पुढे, स्कींच्या वर, बसते. माहितीपत्रकात छापलेले वजन बहुधा कोरडे असते. त्यात पेट्रोल, इंजिन ऑइल आणि कूलंट धरलेले नसते. 40 लिटर पेट्रोलचेच 30 किलो होतात. म्हणजे दोन आसनी फोर-स्ट्रोक गाडी प्रवासाला निघते तेव्हा ती कागदावरच्या आकड्यापेक्षा चांगली चाळीसेक किलो जड असते, आणि तीन कंपन्यांची तुलना करताना दोघींचे कोरडे व एकीचे भरलेले वजन शेजारी लिहिण्याची चूक पुष्कळजण करतात.

हे वजन सपाट वाटेवर कळत नाही, उलट गाडी स्थिर वाटते. ते कळते ते वाटेवरून उतरल्यावर. मी एकदा वळण जरा जास्त रुंद घेतले आणि डावी स्की वाटेच्या कडेच्या भुसभुशीत बर्फात गेली. थ्रॉटल दाबला तशी गाडी पुढे जाण्याऐवजी मागून खचत गेली. पट्ट्याने आपल्याखालचा बर्फ उपसून मागे फेकला आणि मागचा भाग एका खड्ड्यात बसला. खाली उतरलो तर मी स्वतःच मांडीपर्यंत रुतलो. त्यानंतरचा पाऊण तास मी गाडीच्या बाजूने बर्फ तुडवत, मागची दांडी दोन्ही हातांनी धरून तिला वीतभर उचलत आणि शेजारच्या घट्ट केलेल्या बर्फावर सरकवत होतो. तेव्हा मी एकटा आणि बराच तरुण होतो. आपण दोघे आहात हे चांगले आहे. पण पन्नाशीनंतर तशी ओढाताण कंबरेला सोसत नाही. म्हणून शोरूममध्ये गेल्यावर पहिली गोष्ट अशी करा : विक्रेत्याची परवानगी घेऊन गाडीची मागची दांडी धरा आणि दोघांनी मिळून मागचा भाग उचलून एका बाजूला हातभर सरकतो का ते पाहा. जी गाडी दोघांना कोरड्या फरशीवर हलत नाही, ती बर्फात हलणार नाही. टर्बोच्या जोडणीचे वजन याच हिशेबात जाते, हेही माझ्या मताचे एक कारण आहे.

उरलेल्या दोन इंजिनांची तुलना करू. रोटॅक्स 900 हे 899 सीसीचे, तीन सिलिंडरांचे आहे. 2014 च्या मॉडेल वर्षापासून ते स्नोमोबाईलमध्ये वापरले जात आहे, त्यामुळे त्याचे गुणदोष गावोगावच्या मेकॅनिकांना पाठ झालेले आहेत, आणि नव्या इंजिनाच्या बाबतीत हे भाग्य विकत मिळत नाही. प्रोस्टार हे 999 सीसीचे, दोन सिलिंडरांचे. पोलॅरिसने शतकाच्या सुरुवातीला फ्रंटिअर आणि नंतर जर्मन बनावटीच्या वेबर इंजिनाची एफएस व एफएसटी ही मॉडेल्स काढली, मग फोर-स्ट्रोक बंदच केली आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर प्रोस्टार घेऊन ती परत आली. दोन मोठे सिलिंडर असल्यामुळे खालच्या गतीत तिची ओढ खणखणीत जाणवते, ओझे ओढताना ती उपयोगीही पडते. मात्र तीन सिलिंडरांचा गुळगुळीतपणा तिच्यात नाही. दिवसभराच्या प्रवासानंतर हाताला येणाऱ्या मुंग्यांच्या दृष्टीने मला रोटॅक्स सरस वाटते.

स्की-डूच्या गाडीत थ्रॉटलला केबल नसून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे आणि त्यात स्पोर्ट, स्टँडर्ड व इको असे तीन पर्याय मिळतात. इको निवडले की दाब दिल्यावर गाडी सौम्यपणे निघते. मागे बसलेल्या माणसाची मान प्रत्येक वेळी झटका खात नाही. त्याच नियंत्रणाचा दांडा फिरवून अंगठ्याऐवजी बोटांनीही चालवता येतो. हे मला फार मोलाचे वाटते, कारण चार तास एकाच अंगठ्याने थ्रॉटल दाबून धरल्यावर तळहाताच्या मुळाशी जो ठणका लागतो तो ज्याने सोसला आहे त्यालाच कळतो. पत्नीही गाडी चालवणार असतील, तर ही सोय त्यांना अवश्य दाखवा.

धूर आणि आवाज यांविषयी आपण निश्चिंत राहा. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळत नाही, त्यामुळे कपड्यांना येणारा तो वास कोणत्याही कंपनीच्या गाडीत येणार नाही. तिन्ही कंपन्यांना एकाच मापाने मोजलेले पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा निकष कामाला येतो. तिथे हिवाळ्यात प्रवेश मिळवायचा तर गाडीचा आवाज ताशी 35 मैल वेगाला 67 डेसिबलच्या आत आणि कार्बन मोनॉक्साइड किलोवॅट-तासाला 90 ग्रॅमच्या आत असावा लागतो. उद्यान मान्यताप्राप्त मॉडेलांची यादी प्रसिद्ध करते. आपल्याला त्या उद्यानात जायचे नसले तरी आपण पाहिलेले नेमके मॉडेल, नेमक्या वर्षाचे, त्या यादीत आहे का हे पाहिले की विक्रेत्याच्या ‘अगदी शांत’ या शब्दाची पडताळणी होते.

लाकूड वाहण्यासाठी वेगळी, 20 इंच किंवा 24 इंच रुंद पट्ट्याची आणि सावकाश गिअर असलेली स्कॅन्डिकसारखी कामाची गाडी घ्यावी का, असा विचार आपल्या मनात आला असेल. पाच-सहा फेऱ्यांसाठी ती नको. 137 इंच लांबीचा पट्टा असलेली दोन आसनी गाडी बेताचा भार सहज ओढेल. दोन फेऱ्यांचे लाकूड तीन फेऱ्यांत न्या, म्हणजे ड्राइव्ह बेल्टही जळणार नाही. घसरगाडी मात्र दोराने कधीही बांधू नका, लोखंडी दांडीनेच जोडा. फोर-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल सोडला की इंजिन स्वतःच गाडी अडवते आणि उतारावर ही गोष्ट सुखाची असते, पण मागची घसरगाडी दोराला असेल तर ती त्याच क्षणी आपल्या पाठीत येते.

थंडीबद्दल एक सावधगिरी सांगतो, कारण टू-स्ट्रोकच्या सवयीने आपण इथे चुकण्याची शक्यता आहे. बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांना हाताने ओढायची दोरी नसते. बॅटरी मेली की गाडी उभी. म्हणून रात्री बॅटरीला चार्जर लावून ठेवणे आणि लांब जाताना खिशात मावणारा जंप-स्टार्टर अंगाशी, कोटाच्या आतल्या बाजूला ठेवणे ही कामे आता आपल्या दिनक्रमात येतील. दुसरे म्हणजे, गाडी सुरू करून दहा मिनिटांत बंद करण्याची सवय सोडा. इंजिन पुरते तापले नाही तर आत जमलेले बाष्प बाहेर पडत नाही; ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून पाहिले तर आतल्या बाजूला साईसारखा पिवळट पांढरा थर दिसतो. थोडासा असेल तर पुढच्या लांब फेरीत तो नाहीसा होतो, बोटाला जाड लागला तर ऑइल बदलायची वेळ आली असे समजा. ऑइल कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे, कडक थंडीत पातळ राहणारे असावे आणि त्याची पातळी इंजिन गरम असताना बघायची की थंड, हे त्या गाडीच्या पुस्तिकेतच पाहावे, कारण याबाबत सगळ्यांची पद्धत एकसारखी नसते.

वर्कशॉपचा उल्लेख मी वारंवार करतो आहे, त्यामागे एक अनुभव आहे. माझ्या एका गाडीचा नखाएवढा सेन्सर भर हंगामात गेला. गाडी उत्तम, इंजिन उत्तम. पण ज्या विक्रेत्याकडून ती घेतली होती त्याच्याकडे तो भाग नव्हता, ‘येतोय’ म्हणत त्याने मला पाच आठवडे थांबवले आणि भाग हाती आला तेव्हा वाटांवरचा बर्फ विरघळू लागला होता. फोर-स्ट्रोक इंजिन क्वचितच बिघडते, पण बिघडले तर घरच्या पान्यांनी आणि अंदाजाने टू-स्ट्रोकसारखे दुरुस्त होत नाही. निदान करायला कंपनीचा संगणक आणि तो वाचणारा माणूस लागतो. म्हणून दोन्ही वर्कशॉपमध्ये जाऊन तीन गोष्टी विचारा : या इंजिनाचे प्रशिक्षण घेतलेला मेकॅनिक तुमच्याकडे कायम असतो का, जानेवारीत गाडी आणली तर ती हातात घ्यायला किती दिवस लागतात, आणि ड्राइव्ह बेल्ट, स्कीखालच्या पट्ट्या, स्लायडर (रबरी पट्टा ज्यांवरून घसरतो त्या झिजणाऱ्या पट्ट्या) व फिल्टर आज, आत्ता, कपाटात आहेत का. कपाट उघडून दाखवायला सांगा. ज्याच्याकडे वस्तू असतात तो आनंदाने दाखवतो.

चाचणीसाठी सकाळची पहिली वेळ मागा आणि आपण येण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नये असे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. थंड इंजिन कसे उचलते ते एकदाच ऐकायला मिळते. पत्नीला सोबत न्या, त्यांना निदान अर्धा तास मागे बसवा आणि परतल्यावर आधी त्यांचे मत घ्या. वळणावर हँडल जड वाटते का, स्की बर्फ सोडून बाहेर सरकतात का, हे स्वतः पाहा. तसे होत असेल तर ताबडतोब त्या गाडीला नाव ठेवू नका. स्कीखालचे कार्बाइड (बर्फात रुतून वळण्याला पकड देणाऱ्या कठीण धातूच्या धारा) आणि मागच्या सस्पेन्शनची हालचाल मर्यादित ठेवणारा पट्टा दोघांच्या वजनाप्रमाणे लावून द्यायला सांगा आणि त्याच वळणावरून पुन्हा एकदा जाऊन या.